विहिरीचं वाक्य

वही दोनशे पानांची होती. निळा पुठ्ठा, वर नाव नाही. उज्ज्वलाने तीन दिवसांत तिच्यातल्या सत्तावीस पानांचे फोटो काढले, तेही धाकटी जाऊ स्नेहल मंचरला दवाखान्याच्या ड्युटीवर गेलेली असताना, घाईघाईत. चार फोटोंत तिचा स्वतःचा अंगठा आला होता.

उज्ज्वला बारावीपर्यंत शिकली होती. तिला इंग्रजी अक्षरं लागत, वाक्यं लागत नसत. पण पहिल्याच पानावरचा एक शब्द तिने ओळखला. एव्हिडन्स. टीव्हीवरच्या पोलिसांमुळे तो पाठ होता. शेजारी स्नेहलच्या गोल अक्षरात मराठीत ‘पुरावा’ लिहिलं होतं आणि खाली एक अख्खं इंग्रजी वाक्य. पुढच्या पानावर गोरखचं नाव. त्याच्या पुढच्या पानावर पुन्हा.

पुरावा आणि नवऱ्याचं नाव. घोडेगावला दोघा भावांच्या जमिनीच्या वाटपाच्या कागदावर सह्या व्हायला चार दिवस राहिले होते.

गुरुवारी सकाळी तिने फोन गोरखच्या हातात दिला. तो मोटर चालू करून नुकताच विहिरीवरून आला होता. पाय गुडघ्यापर्यंत ओले होते.

“काय हे?”

“तुमच्या भावजयीची वही. परीक्षेची म्हनं.”

“मग?”

“मग परीक्षेत तुमचं नाव कशाला पायजे?”

गोरखने फोटो मोठा केला, लहान केला. उज्ज्वलाने त्याच्या हातातून फोन घेऊन खालचं भाषांतराचं बटण दाबलं. फोनमधली बाई शुद्ध, एकसुरी मराठीत बोलली, “माझा मेहुणा गोरख पाण्याचे वेळापत्रक वारंवार बदलतो.”

“मेहुणा?”

“फोनला दीर कळत न्हाई. त्यो समद्यांला मेहुणाच म्हनतो. मी काल दुपारी ऐकलं सगळं.”

“सगळं?”

“लई न्हाई. आठ-दहा पानं.” तिने फोन पदराला पुसला. “ती कुनाला तरी देनार हाय हे लिवून. वकिलाला न्हाईतर कुनाला. बराखीमागं उभी राहून विंग्रजीत बोलत असती फोनवर. आपल्याशी कधी बोलती का एवढं?”

गोरख गप्प राहिला. तो गप्प राहिला की पुढचं सगळं त्याच्या डोक्यात आधीच मांडून झालेलं असतं, हे उज्ज्वलाला एकोणीस वर्षांत कळलं होतं. त्याचा हिशेब वर्षभरापूर्वी सुरू झाला होता, पोस्टमनने स्नेहलचा पासपोर्ट आणला त्या दिवशी. नर्स आहे, इंग्रजीची परीक्षा देईल, इंग्लंडला जाईल. दोन वर्षांत नवऱ्याला, आदेशला बोलावून घेईल. आदेशच्या वाटणीची जमीन पुण्याचा कुणीतरी घेईल, तारेचं कंपाउंड मारील आणि आजोबा रखमाजींनी खोदलेल्या विहिरीत आपला पाइप सोडील. हे त्याने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त त्यावरचा बंदोबस्त करून ठेवला होता.

“आज समदी बराखीवर हायेत,” तो म्हणाला. “तिथंच वाचू. तिच्या तोंडावर.”

*

शुक्रवारच्या मंचरच्या बाजाराला कांदा जायचा होता. कांदा साठवायच्या बराखीच्या एका टोकाची जाळी सोडली होती, वरचं पाचट बाजूला सारलं होतं आणि घरातली सहाही माणसं ढिगाभोवती बसून कांदा निवडत होती. चांगला कांदा एकीकडे, बारीक गोल्टी दुसरीकडे, सडका मागे फेकायचा. चैत्रात भरलेला माल श्रावण संपेपर्यंत टिकला होता. वास मात्र यायला लागला होता.

कुशाबाईंचं लक्ष कांद्यावर कमी आणि दोन्ही सुनांवर जास्त होतं. थोरली सकाळपासून गप्प होती, म्हणजे काहीतरी होतं. धाकटीने आज सुट्टी घेतली होती आणि तिचे हात भराभर चालत होते, म्हणजे तिला काहीतरी मागायचं होतं. कुशाबाईंचे असले अंदाज सहसा चुकत नसत.

“आबा,” स्नेहल म्हणाली, “पेटीची किल्ली हवी होती. शनिवारी परीक्षा आहे पुण्याला. पासपोर्ट दाखवल्याशिवाय आत घेत नाहीत.”

वाळुंजांच्या घरात आलेला प्रत्येक कागद लोखंडी पेटीत जातो. रखमाजींच्या काळी विहिरीचा एक कागद घोडेगावच्या वाटेवर हरवला आणि त्यापायी अकरा वर्षं तारखा पडल्या. तेव्हापासूनचा हा नेम. सातबारे, जन्माचे दाखले, लग्नाच्या पत्रिका, सगळं त्या पेटीत. पासपोर्ट आला तेव्हा कुशाबाईंनीच तो पोस्टमनकडून घेऊन आत टाकला होता. स्नेहलने तो तेवढा एकदाच पाहिला होता. किल्ली सासऱ्यांच्या, रामनाथांच्या करदोड्याला असते. ती ते कुणालाही देतात, पण मागणाऱ्याने चारचौघांत मागायची, हाही नेमच.

रामनाथांनी कमरेला हात घातला.

“थांबा आबा,” गोरख म्हणाला. “स्नेहल, तू परत येनार का न्हाई?”

“परीक्षेवरून? संध्याकाळपर्यंत येईन.”

“तिकडून.”

“दादा, अजून परीक्षाच झाली नाही. पास होईन का तेही माहीत नाही.”

“आधी सांग. मग किल्ली घे.”

रामनाथांचा हात कमरेवरच थांबला. आदेशने मान वर केली. तो पारगावच्या कारखान्यात फिटर होता, सध्या दुसऱ्या पाळीला, म्हणून दुपारी एकपर्यंत घरी असायचा. “दादा, हे काय आता?”

“तुला कळंल. उज्ज्वला, लाव.”

उज्ज्वलाने पदराआडून फोन काढला. पहिलं वाक्य वाजलं. मेहुणा गोरख, पाण्याचं वेळापत्रक, वारंवार. स्नेहलच्या हातातला कांदा हातातच राहिला.

“ही माझी वही आहे,” ती म्हणाली.

“व्हय. आमाला म्हायतीये,” गोरख म्हणाला. “तेच तर इचारतोय.”

“माझी वही तुम्ही उघडली.”

“उशाखाली तर व्हती,” उज्ज्वला म्हणाली, जणू उशाखाली ठेवलेली वस्तू सार्वजनिक असते. तिने पुढचा फोटो लावला.

“माझ्या सासूबाई माझ्या हालचालींचे निरीक्षण करतात,” फोनमधली बाई म्हणाली.

कुशाबाईंना आधी त्यातलं ‘सासूबाई’ एवढंच कळलं. आदेशने बाकीचं समजावलं. त्या जराही रागावल्या नाहीत.

“मग काय करायचं? साडेसातची एस्टी नवाला येती, तर बघायचं न्हाई व्हय वाटंकडं? सून हाय का भाडेकरू?” त्यांनी एक सडका कांदा न बघता मागे फेकला. “यात खोटं काय लिवलंय तिनं? खरंच हाय ते.”

गोरखला हे अपेक्षित नव्हतं. “आई, तू ऐक तर. उज्ज्वला, फुडं.”

“माझी मेहुणी तूप लपवते.”

हे वाक्य त्याच पानावर होतं. उज्ज्वलाने ते काल ऐकलं नव्हतं. तिने घाईने बोट फिरवलं, पण बाईचं बोलून झालं होतं. आदेशला हसू फुटलं.

“कुठं?” कुशाबाईंनी विचारलं.

“काय कुठं?”

“तूप कुठं लपवती?”

“आई, फोनला काय कळतंय? मशीन हाय ते.”

“मशीनला मेहुणी कळना, पर तूप बराबर कळलं,” कुशाबाई म्हणाल्या आणि थोरल्या सुनेकडे बघत राहिल्या. महिनाभर बरणी लवकर का संपते याचा त्या विचार करत होत्या आणि त्यांचा संशय चुकीच्या सुनेवर होता.

स्नेहलने हात झटकले. कांद्याचं फोलपट तिच्या मनगटाला चिकटलं होतं, ते तिने सावकाश काढलं. “मी सांगते काय आहे ते. परीक्षेत चार भाग असतात. त्यात अभ्यासातले, पुस्तकातले शब्द लागतात. साधं बोलण्यातलं इंग्रजी चालत नाही. जुन्नरच्या प्रतिभा मॅडम ऑनलाइन क्लास घेतात. त्यांनी यादी दिलीय. रोज दहा शब्द. आणि प्रत्येक शब्दाचं एक वाक्य लिहायचं, ते आपल्या घरातलं. लंडनवर वाक्य लिहिलं की ते लंडनलाच राहतं, घरातलं लिहिलं की तोंडात बसतं, असं त्या म्हणतात. बराखीमागं मी त्यांनाच वाक्यं म्हणून दाखवते. बास.”

“आन पुरावा?” गोरख म्हणाला. “पुरावा कशाला पायजे नर्सबाईला?”

“यादीत आहे तो. शब्द त्यांचे, दादा. वाक्यं तेवढी माझी.”

“मग घरात चांगलं काय घडतच न्हाई का? त्याचं न्हाई एक वाक्य?”

“आहेत की. पुष्कळ आहेत. तुम्ही गेल्या दुष्काळात दावणीची जनावरं विकली नाहीत, त्याचंही आहे.” ती उज्ज्वलाकडे वळली. “ताईंनी त्या पानांचे फोटो काढले नसतील.”

हे खरं होतं. उज्ज्वलाने ती पानं पाहिली होती. गोरखचं नाव, पुढे जनावरांचा शब्द, यात काही नाही म्हणून तिने उलटली होती. तिने पुढचा फोटो लावला.

“विहीर करारातून वगळण्यात आली,” फोन म्हणाला.

गोरखचा हात फोनकडे गेला. वाक्य लहान होतं. तो हात पोहोचेपर्यंत ते संपलं होतं.

*

“कंची विहीर?” आदेशने विचारलं.

लोणी गावात वाळुंजांची विहीर एकच होती.

आदेशने आधी भावाकडे पाहिलं, मग बायकोकडे. उत्तर बायको देईल असं त्याला वाटलं आणि तसं वाटल्याचंच त्याला वाईट वाटलं. “स्नेहल, कंच्या विहिरीचं लिवलंय?”

“वाटपाच्या कागदात चौथं पान बघा. गट, क्षेत्र, बांध, झाडं, सगळं दोघांत आहे. विहीर आणि मोटरीचं कनेक्शन दादांच्या एकट्याच्या नावे.”

“तुला कवापासून ठाऊक?”

“कच्चा कागद आला त्या दिवसापासून. चहाच्या कपाखाली ठेवला होता तुम्ही. मी पेटीत टाकायला उचलला आणि वाचला.”

“आन मला सांगितलं न्हाई.”

“मी विचारलं होतं, कागद वाचला का. तीनदा विचारलं. तुम्ही म्हणालात, दादानं वाचलाय.”

हे तो म्हणाला होता, शब्दाला शब्द. “विचारायचं काय त्यात? सरळ सांगायचं, की विहीर न्हाई म्हनून.”

“सांगितलं असतं तर भावाभावांत लावून देती, असं झालं असतं. आत्ता काय चाललंय बघ ना. मी कुणाला काही सांगितलेलं नाही, तरी मीच बसलीय इथं उत्तरं देत.” सगळ्यांसमोर ती त्याला नेहमी अहो-जाहो करायची. आज ते निसटलं. कुशाबाईंच्या ते लक्षात आलं.

आदेशने उज्ज्वलाच्या हातातला फोन घेतला. इंग्रजी वाक्याच्या शेवटी लाल पेनाने बरोबरची खूण होती. तो त्या खुणेकडे बघत राहिला. म्हणजे वही जुन्नरला गेली होती. आपल्या विहिरीचं काय झालं हे जुन्नरच्या मॅडमला कळलं होतं, त्यांनी ते तपासून बरोबर ठरवलं होतं, आणि लोणीत तो अजून सोमवारी सह्यांना जाताना कुठला शर्ट घालायचा हे ठरवत होता.

“दादा,” तो म्हणाला, “खरं हाय का?”

“तुला पानी कोन अडवनार व्हतं?” गोरखचा आवाज चढला नाही. “इतकी वर्सं दिलं न्हाई का? मोटर कोन बगतं? गाळ कुनी काढला? तू पारगावला, ही मंचरला. उद्या ही इंग्लंडला, आन मग तू बी तिकडंच. मग तुझं रान घेनारा जो कोन यील त्यो माझ्या मोटरीशेजारी मोटर बसवनार. तवा मी कुनाला इचारू? फोनला?”

“मग हे मला सांगायचं व्हतं.”

“सांगून तू काय केलं असतंस? तिला इचारलं असतंस.”

“मला तरी कुठं सांगितलं?” उज्ज्वला म्हणाली.

गोरखने तिच्याकडे पाहिलं. हे बोलणं त्या बाजूने येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

“तीन दिस मी चोरासारखी वही चाळतीये तुमच्यापायी,” ती म्हणाली, “आन चौथ्या पानाचं मला आज फोन सांगतोय. हिनं निदान लिवून तरी ठेवलं.” तिने आपल्यापुढची गोल्टी उगाच एकीकडून दुसरीकडे सारली. “लावा अजून फोटो. बगू आजून काय काय म्हायती न्हाई मला.”

“उज्ज्वला, तू गप बस.”

“आता कशी गप बसू? तुमीच लाव म्हनला.”

*

रामनाथांनी एवढ्या वेळात पंचवीस-तीस कांदे निवडले होते आणि त्यांतला एकही चुकीच्या ढिगात गेला नव्हता. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी त्यांना कांदा हातात घेताच कळायचं. बोट लावलं की आतून मऊ आहे की नाही.

चौथ्या पानाचं त्यांना माहीत होतं. आषाढात गोरखने त्यांना विहिरीच्या काठावर उभं करून सांगितलं होतं, असं असं करतो, नाहीतर बाहेरचा माणूस येईल. त्यांनी पाण्याकडे पाहिलं होतं. हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. थोड्या वेळाने गोरख ‘बरं’ म्हणून निघून गेला होता. आपण काही केलं नाही असंच ते तेव्हापासून स्वतःला सांगत आले होते.

“पोरी,” ते म्हणाले, “माज्यावर काय लिवलंय?”

“आबा, ते राहू दे.”

“एवढ्या पानांत समदी हायेत. तूप हाय, विहीर हाय. मी न्हाई व्हय?”

“तुमचं नाव नाही कुठं.”

“नाव नगं. वाक्य सांग.”

स्नेहलने फोनकडे पाहिलं नाही. तिने ते आधी इंग्रजीत म्हटलं, शांतपणे, जसं शनिवारी परीक्षकासमोर म्हणायचं होतं तसं. इंटरप्रेट हा त्यातला शब्द होता, अर्थ लावणं. मग मराठीत सांगितलं, “आमच्या घरात गप्प बसण्याचा अर्थ होकार असा लावला जातो.”

रामनाथांनी हातातला कांदा दाबून पाहिला. चांगला होता. तो त्यांनी चांगल्यांत ठेवला.

मग त्यांनी करदोड्याची गाठ सोडायला घेतली. बोटं जाड झाली होती, वेळ लागला. कुणी मदतीला पुढे झालं नाही. किल्ली निघाली तेव्हा ती त्यांनी स्नेहलला दिली नाही, गोरखलाही दिली नाही. आदेशसमोर धरली.

“पेटी उघड. तिचं ते पुस्तक आन. वाटपाचा कागद बी आन. आन इथं बसून चौथं पान मोठ्यानं वाच. फोनवर नगं. तुज्या तोंडानं.”

आदेश गेला, आला. त्याने चौथं पान वाचलं. सरकारी मराठी होती, दोनदा अडखळला, पण अर्थ स्नेहलच्या वाक्यापेक्षा वेगळा नव्हता. सहा शब्द जास्त होते एवढंच.

“हे मला गोरखनं आषाढातच सांगितलं व्हतं,” रामनाथ म्हणाले. “मी गप बसलो. त्यानं हो समजलं. त्याचं काय चुकलं त्यात? आता मी बोलतोय. सोमवारी कुनी सही करनार न्हाई. विहीर दोघांच्यात घाला आन मग काय ते घोडेगावला जा.”

“आन बाहेरचा आला तर?” गोरख म्हणाला.

“तर तशी अट लिव. विहिरीचा हिस्सा घराबाहेर जानार न्हाई म्हनून लिव. पर चौथ्या पानावर लपवून न्हाई. समद्यांला दिसंल असं लिव.”

“ती अट मला मान्य आहे,” स्नेहल म्हणाली.

जमीन आदेशची होती. मान्य असणं-नसणं त्याचं होतं. ती ‘मला’ म्हणाली हे त्याने ऐकलं, गोरखनेही ऐकलं. दोघा भावांची नजर त्या दिवशी पहिल्यांदाच एक झाली आणि लगेच सुटली.

“लेकी,” कुशाबाई थोरल्या सुनेला म्हणाल्या, “तूप कुठं हाय ते राहिलंच.”

*

दुपारी ड्युटीला निघण्यापूर्वी आदेश नळावर हात धूत होता. कांद्याचा वास साबणानेही जात नव्हता. उज्ज्वला घागर घेऊन आली. नळ मोकळा व्हायची वाट बघत असल्यासारखी उभी राहिली.

“भावजी, तुमच्यावर पन हाय एक. तिथं न्हाई लावलं म्या.”

“नको वहिनी.”

“बगा तर.” तिने फोन पुढे केला. आवाज बारीक केला होता.

“माझे पती प्रश्न विचारण्यास नाखूश असतात.”

“रिलक्टंट का कायतरी शब्द हाय वर,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुमाला ठाऊक असावं. आमच्या यांच्यासारखं व्हायला नगं.” ही मदत होती की काडी लावणं होतं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिने ते सत्तावीसही फोटो त्याच्यासमोर एकेक करून पुसले. पुसायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात घागर भरून वाहू लागली.

शुक्रवारी कांदा मंचरला गेला. गोरख ट्रॅक्टरवर एकटाच गेला आणि एकटाच आला. स्नेहल संध्याकाळपर्यंत माडीवर वाक्यं म्हणत होती. खाली प्रत्येकाला तो आवाज ऐकू येत होता आणि कोणतं वाक्य आपल्यावरचं, याचा प्रत्येकजण अंदाज घेत होता.

*

शनिवारी पहाटे पाचला आदेश आणि स्नेहल मोटरसायकलवर निघाले. पासपोर्ट आदेशच्या शर्टाच्या आतल्या खिशात होता, पाऊस आला तर भिजू नये म्हणून. असं त्याने तिला सांगितलं होतं. पाऊस आला नाही.

परीक्षा पुण्यातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये होती. गेटपासून रांग लागली होती. बहुतेक पोरं विशीतली, हातात पाण्याच्या पारदर्शक बाटल्या, काहींचे ओठ हलत होते. रखवालदार एकेकाचा पासपोर्ट बघून आत सोडत होता. रांग भराभर पुढे सरकली. स्नेहलने हात पुढे केला.

“दे.”

आदेशने खिशात हात घातला. पासपोर्ट बोटांना लागला. तो बाहेर निघाला नाही.

“स्नेहल, तू परत येशील का?”

“आदेश, माझा नंबर आलाय.”

“एवढं सांग. मग देतो.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही, ओळखीने. हे वाक्य तिने परवाच ऐकलं होतं, दुसऱ्या माणसाच्या तोंडून. ते आपल्या तोंडून निघालंय, हे आदेशलाही त्याच क्षणी कळलं. त्याने पासपोर्ट काढला आणि तिच्या हातात ठेवला. अंगाशी राहिल्याने तो गरम झाला होता.

मागची मुलगी म्हणाली, “मॅडम, पुढं व्हा ना.”

“आता इचारतो,” आदेश म्हणाला. “येशील का?”

“ठाऊक नाही.” ती क्षणभर थांबली. “खरंच ठाऊक नाही. ठाऊक असतं तर वाक्य लिहिलं असतं.”

तिने खांद्यावरच्या पिशवीतून निळी वही काढली. आत वही चालत नव्हती, पिशवीही नाही, फोनही नाही. “हे ठेव. सगळी पानं आहेत, फोटोतली आणि बाकीची. तीन तास आहेत तुझ्याकडं. फोन आहे. वाच पाहिजे तर.”

“न्हाई,” आदेश म्हणाला. “बाहेर आल्यावर तूच वाचून दाखव.”

ती दाराशी गेली. रखवालदाराने फोटो आणि चेहरा दोनदा ताडून पाहिला, मग तिला आत सोडलं.

आदेश समोरच्या फुटपाथवर मोटरसायकलला टेकून बसला. चहावाल्याने दोनदा विचारलं, त्याने मान हलवली. त्याच्या हातांना अजून कांद्याचा वास होता. नंतर तो वहीच्या पुठ्ठ्यालाही लागला. फोन त्याने खिशातून काढला नाही. एकदा आईचा आला, ‘पोचला का’ म्हणून, तोही त्याने वाजू दिला.

बारा वाजता दार उघडलं आणि पोरं बाहेर यायला लागली. स्नेहल गर्दीतून आली तेव्हा तिने आधी वहीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. वही मांडीवर होती आणि बंद होती. त्याचं एक बोट मात्र आत होतं, एका पानावर खुणेसारखं.